उतारवयाची पारख

वय वाढते तशी दृष्टी अधू होते, चाल मंदावते, ओळखीची नावे ओठांवर येऊन अडतात, याविषयी फारसा वाद नाही. वाद आहे तो या बदलांवरून माणसाच्या एकंदर कुवतीविषयी, स्वभावाविषयी आणि गरजांविषयी जी अनुमाने सर्रास काढली जातात त्यांच्या खरेपणाबद्दल. प्रौढत्व आणि वार्धक्य यांचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्राने गेल्या अर्धशतकात या प्रश्नाचा दोन बाजूंनी शोध घेतला आहे. समाज वृद्धांना कसा जोखतो हा एक भाग, आणि वृद्ध माणसे स्वतः इतरांना कशी जोखतात हा दुसरा. हे दोन्ही प्रवाह बराच काळ वेगवेगळे वाहत राहिले, तरी पहिल्यातला दोष दुसऱ्यात नकळत शिरलाच; वृद्धांच्या निर्णयांत तरुणांपेक्षा जे जे वेगळे आढळले ते ते बुद्धी मंदावल्याचे लक्षण मानण्याकडे संशोधकांचाही कल राहिला. त्या वेगळेपणातला बराचसा भाग म्हणजे आपले लक्ष आणि वेळ कुठे खर्च करायचा याची जाणती निवड आहे, असे आता जमलेल्या पुराव्यांवरून म्हणता येते.

१९६९ साली अमेरिकेच्या राजधानीतील चेव्ही चेस या सुखवस्तू भागातील एका इमारतीत अल्प उत्पन्नाच्या वृद्धांना घरे देण्याचा सरकारी बेत जाहीर झाला, तेव्हा आसपासच्या रहिवाशांनी त्याला कडाडून विरोध केला. त्या विरोधात वर्ण आणि आर्थिक स्थिती यांचाही भाग होता. परंतु निव्वळ म्हातारपणाविषयीची नावडही त्यात तितकीच स्पष्ट दिसत असल्याचे मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांना जाणवले आणि ‘वॉशिंग्टन पोस्ट’चे तरुण वार्ताहर कार्ल बर्नस्टीन यांच्याशी बोलताना त्यांनी तिला ‘एजिझम’ असे नाव दिले. वंशभेद, लिंगभेद या शब्दांच्या धर्तीवर मराठीत तिला वयभेद म्हणता येईल. त्याच वर्षी त्यांनी या विषयावर लेख लिहिला आणि पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय वार्धक्य संस्थेचे ते पहिले संचालक झाले. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने वयभेदावर जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात जगातील दर दोन व्यक्तींपैकी एकीच्या मनात वृद्धांविषयी पूर्वग्रह असल्याचा अंदाज दिला आहे. प्रमाण इतके मोठे असूनही या पूर्वग्रहाला इतर भेदभावांइतकी कुप्रसिद्धी लाभलेली नाही, याचे कारण तो बहुधा द्वेषाच्या रूपाने व्यक्तच होत नाही.

तो व्यक्त होतो दयेच्या रूपाने. सुझन फिस्क, एमी कडी, पीटर ग्लिक आणि जुन शू या संशोधकांनी २००२ मध्ये मांडलेल्या साचेबंद प्रतिमांच्या प्रारूपानुसार कोणत्याही समूहाकडे पाहताना लोक मनात दोन प्रश्न विचारतात: यांचा हेतू आपल्याविषयी चांगला आहे का, आणि तो तडीस नेण्याची यांची कुवत आहे का? पहिल्याच्या उत्तरातून जिव्हाळ्याची मोजपट्टी तयार होते, दुसऱ्याच्या उत्तरातून क्षमतेची. श्रीमंतांना क्षमता मोठी आणि जिव्हाळा कमी असे गुण मिळतात व त्यांच्याविषयी मत्सर वाटतो. वृद्धांना याच्या नेमके उलट गुण मिळतात आणि त्यांच्याविषयी कणव वाटते. ही कणव सशर्त असते, ही यातली खरी मेख. कडी, नॉर्टन आणि फिस्क यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात एकाच काल्पनिक वृद्धाची वेगवेगळी वर्णने लोकांना वाचायला दिली. ज्या वर्णनात तो अधिक विसराळू आणि असमर्थ दाखवला होता, त्यातला वृद्ध वाचकांना अधिक प्रेमळ वाटला. स्वतःचे व्यवहार चोख सांभाळणारा, मुलाने पुढे केलेल्या कागदावर सही करण्यापूर्वी तो दोनदा वाचणारा म्हातारा चटकन ‘हेकट’ का ठरतो, याचा काही उलगडा या निष्कर्षातून होतो.

कायदेसुद्धा या प्रतिमेपासून अलिप्त राहत नाहीत. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थासाठी व कल्याणासाठी भारताच्या संसदेने २००७ साली केलेला अधिनियम आवश्यकच होता आणि अनेकांना त्याने आधारही दिला. परंतु साठी ओलांडलेली व्यक्ती त्यात येते ती निर्वाहभत्ता मागणारी, सांभाळ होण्यास पात्र असलेली अशी, आणि मूळ कायद्यात त्या भत्त्याची कमाल मर्यादा दरमहा दहा हजार रुपये ठेवलेली होती. नातवंडांना सांभाळणारी, मुलाच्या घराच्या हप्त्याला हातभार लावणारी, गावाकडची शेती एकहाती पाहणारी साठीपुढची माणसे महाराष्ट्रात घरोघरी आहेत, पण ‘ज्येष्ठ नागरिक’ म्हटल्यावर डोळ्यांपुढे येणाऱ्या चित्रात त्यांना जागा नसते.

दयेचा आवाजही वेगळा असतो. बँकेच्या खिडकीशी पांढऱ्या केसांची व्यक्ती उभी राहिली की आतला कर्मचारी आवाज चढवतो, एकेक शब्द सुटा करून बोलतो, ‘आजी, इथे सही करायची हं’ असे लहान मुलाला समजवावे तसे सांगतो, आणि पुष्कळदा मुख्य माहिती मात्र सोबत आलेल्या मुलाला किंवा सुनेला देतो. सुझन केंपर यांच्या अभ्यासांतून असे दिसले की सोपी वाक्यरचना आणि थोडे अधिक स्पष्टीकरण यांचा वृद्ध श्रोत्यांना खरोखर उपयोग होतो, पण उंचावलेला स्वर आणि अतिसंथ उच्चार यांनी आकलन सुधारत नाही. म्हणजे या लडिवाळ बोलण्यातला जो भाग ऐकणाऱ्याला खुपतो, नेमका तोच निरुपयोगी असतो.

वयाच्या साच्यात एक गोष्ट इतर साच्यांहून निराळी आहे. बहुतेक पूर्वग्रह माणूस परक्या समूहाविषयी बाळगतो आणि त्या समूहात सामील होण्याची वेळ त्याच्यावर येत नाही. वार्धक्याविषयीची मते मात्र तो लहानपणी उचलतो आणि, आयुष्य लाभलेच तर, पुढे स्वतःच त्यांच्या माऱ्यात येतो. ‘साठी बुद्धी नाठी’ हे ऐकणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाला ते पडताळून पाहण्याचे काही कारण नसते, कारण त्या म्हणीचा संबंध त्याच्याशी नसतो. संबंध येतो तेव्हा ते मत पडताळणीच्या पलीकडे, स्वयंसिद्ध सत्यासारखे मनात घट्ट बसलेले असते. येल विद्यापीठातील बेका लेव्ही यांनी या प्रक्रियेचा सातत्याने पाठपुरावा केला आहे. ओहायो राज्यातील एका गावात १९७५ साली पन्नाशीपुढच्या रहिवाशांना स्वतःच्या वाढत्या वयाविषयी काय वाटते हे विचारले गेले होते. त्यांपैकी ६६० जणांच्या उत्तरांची सांगड लेव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांच्या पुढील आयुर्मानाशी घातली, तेव्हा आपल्या म्हातारपणाकडे उमेदीने पाहणारे लोक तसे न पाहणाऱ्यांपेक्षा सरासरी साडेसात वर्षे अधिक जगल्याचे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधातून समोर आले. वय, लिंग, आर्थिक स्थिती, एकटेपणा आणि त्या वेळची शारीरिक कार्यक्षमता यांचा हिशेब केल्यानंतरही हा फरक टिकला. आशावादी वृत्तीच्या पुस्तकांनी हा आकडा फार उचलून धरला आहे, तेव्हा येथे थोडे सावध राहिलेले बरे: हा सहसंबंध आहे, आणि शरीरात आतून चाललेली एखादी झीज माणसाला आधीच निराश करत असण्याची शक्यता अशा अभ्यासातून पूर्णपणे निकाली निघत नाही.

साच्याचा तात्कालिक परिणाम प्रयोगशाळेत अधिक नेमकेपणाने पकडता येतो. तमारा राहल, लिन हॅशर आणि सहकारी यांनी २००१ मध्ये तरुण आणि वृद्ध अशा दोन्ही गटांना सामान्यज्ञानाची काही अपरिचित विधाने शिकवली. प्रत्येक विधान खरे की खोटे हे सांगितले आणि नंतर ते विचारले. एका वेळी सूचना देताना ‘ही स्मरणशक्तीची चाचणी आहे’ यावर भर दिला, तर दुसऱ्या वेळी स्मरणशक्तीचा उल्लेख टाळला. काम तेच होते. तरी पहिल्या परिस्थितीत वृद्ध तरुणांच्या मागे पडले आणि दुसऱ्या परिस्थितीत दोन गटांतला फरक नाहीसा झाला. आपल्या समूहाविषयीचे वाईट मत आपल्या हातून खरे ठरेल की काय या धास्तीनेच कामगिरी घसरणे, याला साच्याचा धाक म्हणता येईल. १९९५ मध्ये क्लॉड स्टील आणि जोशुआ ॲरन्सन यांनी तो अमेरिकेतील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या संदर्भात दाखवला होता. थॉमस हेस आणि सहकारी यांनी २००३ मध्ये वृद्धांना, वयाबरोबर स्मरणशक्ती ढासळते असे सांगणारा मजकूर आधी वाचायला दिला, तेव्हा त्यांना नंतर कमी शब्द आठवले. आणि सर्वांत अधिक फटका बसला तो आपल्या स्मरणशक्तीचे ज्यांना विशेष मोल वाटत होते त्यांना. ज्याला विसरण्याची फिकीर नाही तो विसरल्याने खचत नाही, आणि आयुष्यभर तल्लख म्हणून नावाजलेला माणूस एका चुकलेल्या नावाने हादरतो, असा हा उफराटा न्याय आहे.

आता दुसरा प्रवाह: वृद्धांनी केलेली इतरांची पारख. माणसाच्या वागण्याचे कारण शोधताना परिस्थितीकडे कानाडोळा करून सगळे खापर त्याच्या स्वभावावर फोडण्याची सवय सर्वच वयांत आढळते. ली रॉस यांनी १९७७ मध्ये तिला मूलभूत आरोपणदोष म्हटले. वयानुसार तिच्यात काय फरक पडतो हे पाहण्यासाठी फ्रेडा ब्लँचर्ड-फील्ड्स यांनी १९९० च्या दशकात छोट्या छोट्या गोष्टींचा उपयोग केला. त्यांचा घाट साधारण असा असे: एक तरुण आणि त्याची मैत्रीण, तिच्या सुचवण्यावरून, लग्नाशिवाय एकत्र राहू लागतात, लोक ‘लग्न कधी?’ असे विचारत राहतात; त्याला अवघडल्यासारखे होते, तिची इच्छा नसताना तो पुन्हा पुन्हा लग्नाचा विषय काढतो, आणि शेवटी दोघे वेगळे होतात. दोष कोणाचा, त्याचा, तिचा की परिस्थितीचा? गोष्ट मुद्दाम संदिग्ध ठेवलेली, आणि शेवट वाईट. अशा नातेसंबंधांच्या गोष्टींत वृद्ध वाचक मध्यमवयीनांपेक्षा व्यक्तीला दोष देण्याकडे अधिक झुकले, तर कामाच्या ठिकाणच्या यशापयशाच्या गोष्टींत हा कल तितकासा दिसला नाही.

बुद्धी शिथिल झाल्यामुळे सोपे उत्तर उचलले गेले असते, तर ते सगळ्याच गोष्टींत उचलले जायला हवे होते. तसे झाले नाही, कारण नात्यांच्या गोष्टी वाचकाच्या मनातल्या नियमांना डिवचत होत्या: लग्नाआधी एकत्र राहू नये, जोडीदारावर जबरदस्ती करू नये, संसार नोकरीपेक्षा मोठा. ज्याचा नियम मोडला जातो तो मोडणाऱ्याला दोषी धरतो, आणि हे नियम वृद्धांच्या पिढीत अधिक घट्ट रुजलेले होते. अशा निष्कर्षांत वय आणि पिढी यांची गल्लत होण्याचा धोका कायम असतो. आजचा सत्तरीतला मनुष्य कडक वाटतो तो सत्तरीमुळे की ज्या काळात तो वाढला त्या काळामुळे, हे एकाच वेळी दोन वयोगटांची तुलना करणाऱ्या अभ्यासाला सांगता येत नाही. यीवेई चेन आणि ब्लँचर्ड-फील्ड्स यांनी १९९७ मध्ये आणखी एक पदर उलगडला. लगेच मत विचारले तेव्हा वृद्धांनी स्वभावाला अधिक दोष दिला, परंतु विचाराला थोडा अवकाश मिळाल्यावर त्यांनी तो सौम्य केला. पहिले मत झटकन बनते आणि दुरुस्ती मागाहून, कष्टाने होते. वय या दुरुस्तीला वेळ लावते, ती हिरावून घेत नाही.

हेस यांचे काम याच्या शेजारी ठेवून वाचायला हवे. माणसाविषयी मिळालेली सगळी माहिती सारख्या मोलाची नसते. सचोटीच्या बाबतीत वाईट कृती अधिक बोलकी असते, कारण लबाड मनुष्यही दहा वेळा प्रामाणिकपणे वागू शकतो, पण एकदा अफरातफर करणाऱ्याला प्रामाणिक म्हणता येत नाही. कुवतीच्या बाबतीत उलट, निष्णात मनुष्यही अधूनमधून चुकतो, पण अवघड काम एकदा तडीस नेणारा अकुशल असू शकत नाही. ही प्रतवारी वृद्धांनी तरुणांपेक्षा अधिक काटेकोरपणे पाळल्याचे हेस आणि ऑमन यांच्या २००१ मधील प्रयोगांत दिसले. पतसंस्थेच्या संचालक मंडळातले मुरलेले सभासद अर्जदाराच्या दहा शिफारशी बाजूला सारून एका जुन्या थकबाकीवर बोट ठेवतात, तेव्हा ते नेमके हेच करत असतात, आणि तरुण सहकाऱ्याला तो जुन्या माणसांचा संशयखोरपणा वाटतो. उणे बाजू नाकारण्याचे मात्र कारण नाही. मनात आपोआप उमटलेला साचा दाबून टाकण्याची शक्ती वयाबरोबर काहीशी क्षीण होते आणि त्यामुळे काही वृद्धांच्या तोंडून, स्वतःला पूर्वग्रह नको असतानाही, पूर्वग्रहयुक्त मते निसटतात, असे विल्यम फॉन हिपेल आणि सहकारी यांनी २००० मध्ये दाखवले आहे. लग्नघरात पाहुण्यांसमोर भलतेच बोलून जाणारे काका सगळेच मुळात संकुचित मनाचे नसतात.

नात्यांच्या बाबतीत घट की निवड हा वाद सर्वांत जुना आणि सर्वांत समाधानकारक रीतीने सुटलेला आहे. म्हातारपणी माणसांचा गोतावळा आकसतो हे सर्वत्र दिसते. एलेन कमिंग आणि विल्यम हेन्री यांनी कॅन्सस शहरातील अभ्यासाच्या आधारे १९६१ मध्ये असा सिद्धान्त मांडला की मृत्यूची तयारी म्हणून वृद्ध समाजातून आणि समाज वृद्धांतून हळूहळू अंग काढून घेतो. वानप्रस्थाच्या कल्पनेशी परिचित असलेल्या भारतीय वाचकाला ही मांडणी ओळखीची वाटावी, आणि म्हणूनच ती जरा जास्तच सहज पटते. लॉरा कार्स्टेन्सन यांनी १९९२ मध्ये कॅलिफोर्नियातील पन्नास जणांच्या चौतीस वर्षांत घेतल्या गेलेल्या मुलाखती तपासल्या, तेव्हा वरवरच्या ओळखींशी येणारा संबंध तरुणपणापासूनच कमी होत गेल्याचे दिसले, तर जोडीदार आणि भावंडे यांच्याशी असलेली जवळीक टिकली किंवा वाढली. म्हणजे आकसण्याची सुरुवात साठीला होतच नाही. ती तिशीच्या आतच होते, आणि गळतात ती कडेची माणसे.

यातून कार्स्टेन्सन यांचा सामाजिक-भावनिक निवडीचा सिद्धान्त आकाराला आला. पुढे भरपूर काळ आहे असे वाटते तोवर माणूस नवी माहिती, नव्या ओळखी, पुढे उपयोगी पडतील असे संबंध जोडतो आणि त्यासाठी कंटाळा व अपमानही सोसतो. काळ थोडा उरल्याची जाणीव झाली की जे संबंध आत्ता, या घडीला अर्थपूर्ण आहेत त्यांच्याकडे वळतो. पडताळणीसाठी विचारलेला प्रश्न साधाच होता. अर्धा तास मोकळा आहे. जवळचा नातेवाईक, नुकतीच ओळख झालेली व्यक्ती, किंवा नुकत्याच वाचलेल्या पुस्तकाचा लेखक, यांपैकी कोणाबरोबर तो घालवाल? वृद्ध बहुतांशी नातेवाईक निवडत, तरुणांच्या निवडी विखुरलेल्या असत. पण लवकरच एकट्याने दूर देशी जायचे आहे अशी कल्पना करायला सांगितल्यावर तरुणही आप्तांकडे वळले, आणि वैद्यकीय शोधामुळे आणखी वीस वर्षे निरोगी आयुष्य मिळाले आहे असे मानायला सांगितल्यावर वृद्धांची निवड तरुणांसारखी झाली. हेलेन फंग यांनी हाँगकाँगमध्ये प्रत्यक्ष इतिहासाचाच प्रयोगासारखा उपयोग करून घेतला. १९९७ मध्ये ब्रिटनकडून चीनकडे झालेल्या हस्तांतरापूर्वी अवघे काही महिने असताना तिथल्या तरुणांनीही वृद्धांसारखी जवळच्या माणसांची निवड केली, आणि हस्तांतर पार पडून वर्ष उलटल्यावर दोन वयोगटांतला फरक पूर्ववत झाला. वर्तन ठरत होते ते शिल्लक काळाच्या अंदाजावर. वय बहुधा त्या अंदाजाची जागा घेते इतकेच.

उरलेल्या नात्यांचा पोतही बदलतो. कार्स्टेन्सन, गॉटमन आणि लेव्हन्सन यांनी १९९५ मध्ये मध्यमवयीन आणि वृद्ध दांपत्यांना त्यांच्यातल्या खऱ्याखुऱ्या मतभेदाच्या विषयावर बोलायला लावून निरीक्षण केले, तेव्हा वृद्ध दांपत्यांच्या भांडणात राग व नापसंती कमी आणि आपुलकी अधिक आढळली. चाळीस वर्षे टिकलेली लग्ने ही मुळात टिकणारीच असतात, हा आक्षेप येथे लागू पडतो आणि तो पुरता खोडून काढता आलेला नाही. तसेच चांगल्या गोष्टींकडे अधिक लक्ष देण्याचा वृद्धांचा जो कल अमेरिकेत वारंवार दिसला, तो फंग यांना हाँगकाँगमधील वृद्धांत तसाच आढळला नाही. तिथल्या वृद्धांची नजर आनंदी चेहऱ्यांपासूनही दूर वळत होती.

पौर्वात्य समाजात ज्येष्ठांना अधिक मान असतो, हे विधान जवळजवळ प्रत्येक भाषणात येते. मायकेल नॉर्थ आणि फिस्क यांनी २०१५ मध्ये अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून तपासले, तेव्हा वृद्धांविषयीची मते पाश्चात्त्य देशांपेक्षा पूर्वेकडील देशांत अधिक प्रतिकूल आढळली, आणि वृद्धांची संख्या जिथे झपाट्याने वाढत होती तिथे ही प्रतिकूलता विशेष होती. पाया पडण्याची रीत आणि मनातला निवाडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असाच याचा अर्थ. याच दोघांनी वृद्धांविषयीच्या साच्यातला ‘वृद्ध कसे असतात’ हा भाग आणि ‘वृद्धांनी कसे असावे’ हा भाग वेगळा काढला. दुसऱ्या भागात तीन अपेक्षा असतात: अधिकाराच्या जागा वेळेवर सोडाव्यात, सामायिक साधनांतले फार खर्च करू नये, आणि तरुणांच्या क्षेत्रात लुडबुड करू नये.

महाराष्ट्रात या तिन्ही अपेक्षा एकत्र येतात त्या उत्तरायुष्यातल्या नव्या जोडीदाराच्या प्रश्नात. पुण्यात २०१२ मध्ये ज्येष्ठ नागरिकांसाठी सहजीवनाचे, म्हणजे लिव्ह इन रिलेशनशिपचे, मंडळ सुरू झाले, तेव्हा त्याला मिळालेल्या प्रतिसादाइतकीच कुजबूजही झाली. ‘या वयात हे शोभते का?’ हा त्यातला सर्वांत सभ्य प्रश्न. घरच्यांचा विरोध बहुधा राहत्या घराच्या वारशाभोवती फिरतो, आणि विधवेला मिळणारे कुटुंबनिवृत्तिवेतन पुनर्विवाहानंतर सहसा बंद होत असल्याने लग्नापेक्षा नोंदणीविना सहजीवन अनेकांना सोयीचे पडते. जोडीदार गेल्यावर सर्वांत जवळचे नातेच तुटलेले असते आणि पुढचा काळ थोडा असतो. अशा वेळी माणसाने दहा नव्या ओळखी करण्याऐवजी एकाच निकटच्या सोबतीचा ध्यास घ्यावा, हे कार्स्टेन्सन यांच्या सिद्धान्ताशी अगदी सुसंगत आहे. घरात मात्र त्याच ध्यासाला म्हातारचळ म्हटले जाते, आणि म्हणणाऱ्यांत चाळिशीपन्नाशीची मुले जशी असतात तशी त्या व्यक्तीची समवयस्क भावंडेही असतात.